व्हिसाच्या खिडकीपुढची पंचपदी

तुळजाक्का,

आज सकाळी वकीलबाईंचा ईमेल आला. हरिकथेचं रेकॉर्डिंग झालं का, कधी पाठवताय, एवढंच दोन ओळींत विचारलंय. तिकडे अमेरिकेत बसलेल्या त्या बाईंना काय माहीत, की तू गेल्या आठवड्यात पहाटे देवाची फुलं काढायला म्हणून वाकलीस आणि उठलीच नाहीस. मी उत्तर लिहायला घेतलं. 'उशिराबद्दल क्षमस्व' असं सवयीनं टाइप केलं, मग खोडलं. पेरुंगुडीच्या त्या काचेच्या इमारतीत बसून दिवसभर मी हेच करते. सॉफ्टवेअर कसं वापरायचं त्याची माहिती लिहिते, आधी हे बटण दाबा, मग ते दाबा. पण अर्जदारच राहिली नाही, हे कुठल्या पायरीवर आणि कसं कळवायचं, ते मला सुचलं नाही. म्हणून आधी तुला लिहिते आहे.

गोड काही ऐकायला मिळेल असं समजू नकोस. तुझ्या घरी बसायला आलेल्या सगळ्यांनी गोड बोलून घेतलंय. पुण्यवान होती, कुणाला त्रास न देता गेली, असं जो तो म्हणत होता. त्रास दिला नाही म्हणे! मी कोपऱ्यात बसून दात-ओठ खात होते. मला तुझा भयंकर राग आलाय, आणि तो कुणापुढे काढावा तर माणूस नाही, कारण असा राग मी नेहमी तुझ्यापुढेच काढायची.

आपली ओळखच मुळी भांडणातून झाली. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे मी कराडहून इथे तमिळ मुलखात येऊन जेमतेम महिना झाला होता. वेलचेरीच्या शेअर ऑटोत कोंबून घेतलेल्या माणसांत बसून मी मोबाईलवर बहिणीशी बोलत होते. इथे आपली भाषा कुणाला कळत नाही या खुशीत मनाला येईल ते बोलत होते. इथला उकाडा, इथलं पाणी, आणि ही शेजारची बाई कशी पसरून बसलीय बघ, मला टेकायलाही जागा नाही. तू बाहेर बघत शांत बसली होतीस. उतरताना म्हणालीस, "मी लठ्ठ अहें, तें खरं. पण तुमची पिशवी मघापासून माझ्या मांडीवर अहे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू मात्र हसत मला ओढूनच घरी नेलंस आणि कॉफी दिलीस. तुझं मराठी ऐकून मी चाट पडले. तंजावरचं, कधीकाळचं जुनं, आणि वर तमिळचा हेल. मला ते पोथीतल्या बाईनं ऑटोतून उतरून बोलावं तसं वाटलं.

मग तुझी पहिली हरिकथा ऐकली. वेलचेरीतल्याच एका देवळाच्या मांडवात, हातात चिपळ्या घेऊन तू उभी, रामूअण्णा हार्मोनियमवर, बाजूला मृदंग. गोष्ट सगळी तमिळमध्ये, मला त्यातलं चौथाईसुद्धा कळत नव्हतं. आणि रुक्मिणी निरोप पाठवायला बसते तिथे तू एकदम मराठी साकी उचललीस. माझ्या अंगावर काटा आला. मांडवातल्या त्या तमिळ आज्या, त्यांना अक्षर कळत नसणार, पण माना डोलावत होत्या. त्यांच्या आज्याही अशाच डोलावत आल्या होत्या म्हणे. तमिळ कथेत मराठी साक्या आणि दिंड्या गायच्या ही तुमच्या तंजावरकडची जुनी रीत, तू मला नंतर सांगितलंस. ती रीत तुझ्या वडिलांकडून तुझ्यापर्यंत आली आणि तुझ्यापाशी थांबली. खरं दुखणं ते होतं.

कारण तुझ्यानंतर कुणी नव्हतं. ही विद्या लिहून घेऊन शिकता येत नाही. गुरूच्या मागे उभं राहायचं, त्यानं ओळ म्हटली की तिचं शेपूट उचलायचं, म्हणजेच पाठ धरायची, आणि असं वर्षानुवर्षं करत राहायचं. तू वडिलांच्या मागे अशीच उभी राहिलीस. तुझ्या मागे उभी राहायला दोन मुली आल्या होत्या. एकीला इंजिनिअरिंगला जागा मिळाली. दुसरीच्या आईनं विचारलं, याची परीक्षा असते का, सर्टिफिकेट मिळतं का? तू नाही म्हणालीस, आणि ती मुलगी कीबोर्डच्या क्लासला गेली. कॅसेटवाला एक आला होता, त्याला तूच परतवून लावलंस. "एका बाजूला अर्धा तास, मग कॅसेट उलटायची. तोंवर रुक्मिणीनं काय करायचं? उभी राहायचं?" तेव्हा मी पोट धरून हसले होते. आज तुझ्या आवाजाची एक कॅसेट घरात नाही, आणि त्या हसण्याचाही मला राग येतोय.

म्हणून वैदेहीचं अमेरिकेहून बोलावणं आलं तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं. लहानपणी एका सुट्टीत तुझ्याकडे चार गोष्टी शिकलेली ही मुलगी आता तिकडे संसाराला लागलेली. त्यांच्या देवळाला आणि जवळच्या एका विद्यापीठाला मिळून तू तीन वर्षं हवी होतीस. मुलं जमवली होती, जागा होती. इथे जे कुणाला नको होतं ते शिकायला तिकडे सहा मुलं तयार होती. तू त्या दिवशी दोनदा कॉफी केलीस आणि दोन्ही वेळा साखर घालायला विसरलीस. "तीन वर्षांत पाठ धरायला तरी येईल त्यांना," म्हणालीस. इतकी हरखलेली मी तुला कधी पाहिली नव्हती.

फक्त एक व्हिसा हवा होता. वकीलबाईंनी सांगितलं, कलावंतांसाठी वेगळा व्हिसा असतो. तुमच्या अंगी असामान्य गुणवत्ता आहे हे कागदोपत्री दाखवायचं. मला वाटलं, एवढंच ना? आपल्याकडे तर असामान्यच आहे.

अक्का, त्या कागदांनी माझ्या नाकी नऊ आणले. आणि कागदांचा काही दोष नव्हता गं, दोष तुम्हा लोकांचा होता! बक्षिसं-सन्मानांचे पुरावे हवेत म्हणाल्या, म्हणून मी रामूअण्णांकडून फोटोंची अख्खी पिशवी आणली. इथे कार्यक्रमानंतर जरीची शाल घालतात, पोन्नाडै म्हणतात तिला. तुला तर ढिगानं मिळालेल्या. पण तुझ्या वडिलांची रीत अशी की शाल आपल्या अंगावर पडली की ती लगेच काढून साथीदाराच्या खांद्यावर घालायची. फोटोवाला कॅमेरा सावरून बटण दाबेपर्यंत तू ती काढलेली असायचीस. एकूण एक फोटोत तूच कुणाला तरी शाल घालते आहेस. रामूअण्णांना, मृदंगवाल्याला, एका फोटोत तर माइकवाल्याला. वकीलबाईंनी विचारलं, या बाई कार्यक्रमाच्या आयोजक आहेत का? मी कपाळावर हात मारून घेतला.

कार्यक्रमांच्या छापील पत्रिका काढल्या. त्यात वर देवाचं नाव, खाली कथेचं नाव, आणि प्रसादाचं सुंडल, म्हणजे आपली हरभऱ्याची उसळ, ज्यांच्यातर्फे आहे त्यांचं नाव ठळक. तुझं नाव शोधायला मला चष्मा पुसावा लागला. मग जाणकारांची पत्रं. मायलापूरच्या एका थोर गवयांकडे मी स्वतः जाऊन बसले. त्यांनी तुझं गाणं ऐकताना डोळे पुसलेले मी पाहिलेत. त्यांनी लिहून काय दिलं? ही चांगल्या घराण्यातली असून वेळेवर येते. मी म्हटलं, मामा, अजून काही लिहा ना. ते म्हणाले, "अजून काय लिहू मा? तिच्या तोंडावर स्तुती केल्यासारखं होईल." मी म्हटलं, तोंडावर नाही, वकिलाच्या टेबलावर. तर ते माझ्याकडे असे बघत राहिले जसं काही मी त्यांना खोटी साक्ष द्यायला सांगतेय.

आणि तू! तुझ्या निवेदनात 'माझ्या क्षेत्रातल्या मोजक्या अव्वल कलावंतांपैकी मी एक' असं एक वाक्य होतं. वकीलबाईंनी घातलेलं, साधं, गरजेचं वाक्य. तू सही करेना. "हें मी बोलायचं? माझ्या तोंडानं? नक्को." मी दारं आपटली. मी म्हटलं, हे तू नाही म्हणत, अर्ज म्हणतोय. "मग अर्जानंच सही करायची." शेवटी त्या वाक्याच्या आधी 'वडिलांच्या कृपेनं' असं घातलं तेव्हा कुठे सही झाली. वकीलबाईंनी ते निमूट ठेवलं, बहुधा त्यांनीही हात टेकले होते.

त्या महिन्यांत मी ऑफिस सुटलं की दर दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे यायची. एक सही, एक तारीख, एक खुलासा. तू रियाजाला उभी असायचीस आणि पंचपदी संपल्याशिवाय कशाला हात लावायची नाहीस. कथेच्या आधी पाच पदं, देवाला, गुरूला, ऐकणाऱ्यांना वंदन करणारी, आणि ती झाल्याशिवाय कथेचा एक शब्द तोंडातून काढायचा नाही. घरात रियाज असला तरी नाही. मी घड्याळाकडे बघत चुळबुळ करायची. "अशी बसून काय करतेस? मागं उभी राहा, पाठ धर. लवकर होईल." लवकर काही व्हायचं नाही. पण मी उभी राहायची, तुझ्या ओळीचं शेपूट धरून बेसूर ओरडायची, हातात फाइल. पाचवं पद संपलं की तू कथेत शिरायचीस. तिथून पुढे मी गप्प, तू किती पुढे जाशील याचा नेम नसे. मग सही करायचीस.

एवढं करून अर्ज मंजूर झाला. उरली अमेरिकन वकिलातीतली मुलाखत. सोबतच्या माणसाला आत सोडत नाहीत, म्हणून मी समोरच्या फुटपाथवर झाडाखाली उभी राहिले, पर्समध्ये तुझा मोबाईल आणि तुझ्या चिपळ्या. त्याही आत न्यायला परवानगी नव्हती. मी तुला तीनतीनदा बजावलं होतं. विचारतील तेवढंच बोल. गायला सांगितलं तर रुक्मिणीची साकी गा, ऐकून दगडही उठून बसेल.

तू बाहेर आलीस ती हसत. मला वाटलं, झालं! "सगळ्यांनी पाठ धरली, नीला!" हे तुझं पहिलं वाक्य. मग हळूहळू मी तुझ्याकडून सगळं काढून घेतलं. खिडकीतली मुलगी तरुण, गोड, तुला नमस्कार करणारी. तिनं कागद चाळले आणि म्हणाली, तुमच्या गाण्याची एकही ध्वनिफीत यात नाही. मला काहीतरी थोडंसं म्हणून दाखवता का? तू हात जोडलेस, डोळे मिटलेस, आणि सुरू केलंस पंचपदीचं पहिलं पद. रांगेत मागे मुलाकडे निघालेले एक म्हातारे आजोबा होते, त्यांनी शेपूट उचललं. मग आणखी दोघं-तिघं. पुढे सगळी रांगच नाम घ्यायला लागली, पहारेकरी धावत आला. ती मुलगी बिचारी पहिलं पद ऐकत राहिली, दुसरं ऐकत राहिली, आणि मग म्हणाली, फार छान, पण तुमची ती गोष्ट सांगायची कला, ती? तू तिला सांगितलंस, अजून तीन पदं अहेत.

अजून तीन पदं! अक्का, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती म्हणाली, मागे लोक खोळंबलेत, आणि एवढ्यावरून मला ठरवता येणार नाही. कथेचं रेकॉर्डिंग आणून द्या, मग पुन्हा बघू. हातात एक चिठ्ठी दिली. ती वागली ते तिच्या जागी बरोबरच होतं, मला तिचा राग नाही. मी भर रस्त्यात तुझ्यावर ओरडले. एक मिनिट मागितलं होतं तिनं, एक मिनिट! साकी गायची सोडून तू वंदनं करत बसलीस! बसची वाट पाहणारे लोक आपल्याकडे बघत होते.

"पंचपदी सोडून कथेत कसं जायचं? भिंतीवरून उडी मारून?"

"हो! मार उडी! एकदा मारली असतीस तर काय बिघडलं असतं? कुणाला कळलं असतं?"

"मज कळलं असतं."

ऑटोत आपण दोघी दोन टोकांना तोंडं करून बसलो. मला अजूनही वाटतं की माझंच बरोबर होतं. ज्या कथेसाठी ती पाच पदं, ती कथाच जर कुणाकडे पोचणार नसेल तर पदं कुणासाठी? हे मी तुला घरी पोचल्यावर चारदा विचारलं. चारही वेळा तू म्हणालीस, "कॉफी घे." हे उत्तर नव्हे. मला उत्तर हवं होतं, अक्का, आणि तू उत्तर द्यायच्या आधी निघून जाणं हा सरळ सरळ रडीचा डाव आहे.

आता काय म्हणू? पंधरा-वीस दिवसांचा अबोला झाला आणि मग तूच फोन केलास. "सेरी, बरं. कॅमेरा आण." मला वाटलं, चुकीचं ऐकलं. तू म्हणालीस, पुढच्या एकादशीला देवळात कथा आहे, तिथे घे काय घ्यायचं ते, पण पूर्ण घे, मधून कापू नको. मी म्हटलं, किती तास चालेल? "चालेल तेवढी." मी ऑफिसातल्या एकाचा हँडीकॅम सांगून ठेवला, टेपा आणल्या, लागतील त्याहून जास्तच आणल्या. वडिलांनी कधी करू दिलं नसतं ते तू करायला तयार झालीस, आणि ते त्या व्हिसासाठी नाही, त्या सहा मुलांसाठी, एवढं मलाही कळत होतं. मी तुला तसं म्हणाले नाही. मी म्हणाले, शेवटी अक्कल आली म्हणायची. तू खूप हसलीस. एकादशी परवा झाली. टेपा अजून प्लास्टिकमध्येच आहेत.

रविवारी संध्याकाळी वैदेहीचा फोन आला. तिकडे सकाळ. तिला मी आधीच कळवलं होतं, तरी पुन्हा रडली. मग म्हणाली, मुलं आज देवळात आलीयेत, वर्गाची तारीख व्हिसा अडकायच्या आधीच आजची ठरली होती, त्यांना परत कसं पाठवू? नीलाताई, तुम्ही त्यांच्या जवळ होतात, काहीतरी सांगा ना त्यांना. मी तिला झाडलंच. मी गाणारी नव्हे, मला सूर कळत नाही, मी फक्त कागद भरायची. ती म्हणाली, तरी पण. आणि तिनं फोन मुलांच्या मध्ये ठेवला. पलीकडे खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, कुणीतरी कुणाला गप्प बसवलं.

मला कथेतलं एक अक्षर येत नाही. रुक्मिणीची साकीसुद्धा पहिल्या ओळीपुढे येत नाही. मला येतं काय, तर ज्याच्यावरून मी भर रस्त्यात तुझ्याशी भांडले, तेवढंच. मी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि पहिलं पद म्हटलं. बेसूर. मुलांना सांगितलं, शेवट उचला. त्यांचा आवाज फोनमधून जरा उशिरा यायचा, मग मी थांबायची. दुसरं पद झालं, तिसरं. नवरा दारात येऊन उभा राहिला आणि परत गेला. मी एकही पद सोडलं नाही, एकही ओळ कापली नाही. पाचव्यापर्यंत मुलं चांगलं शेपूट धरायला लागली होती, तू असतीस तर हसली असतीस.

पाचवं पद संपलं. एका लहान मुलीनं मोडक्यातोडक्या तमिळमध्ये विचारलं, आता गोष्ट ना?

मी हो म्हणाले. आणि सवयीनं, तू बोलायला लागशील म्हणून, गप्प उभी राहिले.